पारूकाकीच्या माळ्यावरचा जिंद

चहा आधी संपवा, मग ऐका. कारण हे ऐकताना पहिला अर्धा वेळ तुम्ही गप्प बसाल आणि नंतर मला हसाल. हसा बापडे. अख्खा पोलादपूर तालुका हसून बसलाय, तुम्ही तरी मागे का राहता?

मी मुंबईत विद्यापीठात इस्लामी संस्कृतीचं एम.ए. करतो. बगदादची जुनी ग्रंथालयं, इस्तंबूलचे सुलतान, आजच्या कैरोतली तरुण मंडळी काय विचार करतात, असा सगळा पसारा. आमची वाडी उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं हे कुणाला आणि कसं समजवायचं? वाडीनं आपला सोपा अर्थ लावला, की दिनू मुसलमानांची विद्या शिकतोय. मी तो खोडला नाही. खोटं कशाला बोलू, जरा भाव मिळत होता.

गणपतीला घरी गेलो. धुकं असं की दारातून आत येऊन चुलीपाशी बसायचं. मी बॅग खाली ठेवतोय तोच पारूकाकी आली. माझी सख्खी चुलती, घर आमच्या शेजारीच. काका गेल्यापासून ती आणि तिच्या दोन म्हशी, एवढाच संसार. एरवी मला बघितलं की आधी पाठीत धपाटा घालणारी बाई, त्या दिवशी नुसती दाराला टेकून उभी राहिली.

"दिनू, माझ्या माळ्यावर कोण हाय रे?"

"कोण असणार? उंदीर."

"उंदीर बोलतो काय? पाऊस लागल्यापासनं बोलतोय. रोज दिवेलागणीला. आपली बोली नाय ती. बोलतो नि थांबतो. कुणी उत्तर देईल म्हणून थांबावं ना, तसा."

मग तिनं आवाज खाली आणला. "एक दिवस माझ्या तोंडून ओ गेली."

आमच्याकडे पोर बोलायला लागलं की शिकवतात, हाक मारणारा दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दिलीत की त्याला तुमचं घर सापडतं.

"मग काय झालं?"

"काय होणार? तो परत बोलला. पहिल्याहून मोठ्यानं."

वाडीचे भगत धोंडूबाबा येऊन तांदूळ टाकून गेले होते. आमच्या भागात भुतांनाही जातधर्म असतो, ज्याचा त्याचा माणूस वेगळा. बाबांनी कान देऊन ऐकलं आणि हात झटकले. "हा जिंद हाय. मुसलमानी. माझ्या हाताखाली येयाचा नाय. माळ्यावर कुणी चढू नका. दिनू येतोय ना गणपतीला? तो त्यांचंच शिकतो, त्याला इचारा."

आता बोला! मी इतिहास शिकतो आणि यांनी मला मांत्रिक करून टाकलं.

मी नाहीच म्हणणार होतो. पण काकीचा मुलगा सुरेश मुंबईहून आला होता, तो मला बाजूला घेऊन गेला. "दिन्या, माझा ह्या गोष्टींवर विश्वास नाय. आई एकटी राहून भ्रमली असेल. तू ऐक नि सांग काही नाय म्हणून, मी तिला इथंच ठेवतो. पण खरंच काही असलं, तर मी रिस्क घेणार नाय. घराला कुलूप, म्हशी विकायच्या, आई माझ्यासोबत डोंबिवलीला."

काकीला डोंबिवली नको होती. ती गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, रडतही नव्हती. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, ऐकतो.

दिवेलागणीला सगळे ओटीवर जमलो. बाहेर धुकं, आत चुलीचा धूर, लाइट गेलेली. माळ्याखालच्या गोठ्यात म्हशी रवंथ करता करता थांबल्या आणि दोघींनी माना वर केल्या. शपथेवर सांगतो, दोघींनी.

आणि तो बोलला.

पुरुषाचा आवाज. संथ, घुमणारा, विहिरीतून यावा तसा. बोलला आणि थांबला. भाषा मी ओळखली. ती अरबी होती.

तुम्ही म्हणाल, मग झालं, तुला येतच असणार. अहो, कुठलं काय! अरबीचा पेपर मी घोकंपट्टीवर काढलाय. एक शब्द कळला असेल तर शप्पथ. पण आख्खी वाडी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी ज्ञानी ना?

"काय म्हणतो रे?" धोंडूबाबा म्हणाले.

काकीच्या भल्यासाठीच मी ठोकून दिलं. "म्हणतो, मी साधा आहे. म्हातारीच्या केसालाही धक्का लावणार नाही. फक्त तिनं घर सोडू नये."

मला वाटलं, काय डोकं चालवलंय! सुरेशचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. "म्हणजे हाय? खरंच हाय? नि आईला सोडायला तयार नाय?"

बसला की नाही फटका? तोवर तो नुसता आवाज होता, मी त्याच्यावर विद्यापीठाचा शिक्का मारला. गणपती पाण्यात गेले आणि दुसऱ्याच दिवशी सुरेशनं पोलादपूरहून टेंपो मागवला. म्हशींना गिऱ्हाईक आलं. काकी एकेक भांडं पुसून बाहेर आणत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

त्याच दुपारी शबाना आली. महाडची, माझ्या वर्गातली, अरबीत पहिली. उरलेले मोदक खायला म्हणून स्कूटरवर आलेली. तिला मी सगळं सांगितलं, फक्त माझं भाषांतर सोडून.

ती म्हणाली, "आमच्या जिन्नांना दुसरी कामं नाहीत काय? म्हशींच्या डोक्यावर कोण राहील?"

पण दिवेलागण झाली, टेंपोत पेटी चढली, आणि माळ्यावरून तो आवाज आला. शबानाचं हसू मावळलं. धुक्यात सगळे जागच्या जागी थिजले. तिनं मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं, मग माझ्याकडे बघितलं. "दिनू, हे तुला कळलं नाही? खरंच?"

मी घाम पुसला.

ती सरळ शिडी लावून वर गेली आणि एक मडकं घेऊन खाली आली. मागे लोंबती वायर. मडक्यात माझा जुना फोन.

अहो, वाडीत रेंज येते ती फक्त काकीच्या माळ्यावर, कौलांपाशी. उन्हाळ्यात मीच तो तिथं चार्जिंगला लावला होता, घरी बसून त्याच्यावरून नेट वापरायला. उंदरांनी कुरतडू नये म्हणून मडक्यात. नंतर घाईत निघालो, फोन एसटीत हरवला अशी समजूत करून घेतली आणि नवा घेतला. त्या जुन्यात अरबी शिकवणारं ॲप होतं. धडा चुकवला की बोलून आठवण करणारं.

"पण बोलत काय होता गो?" धोंडूबाबांचा धीर सुटला.

शबानानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "म्हणतो, तुम्ही बरेच दिवस अभ्यास केलेला नाही. माझ्यामागून म्हणा, मी मेहनती विद्यार्थी आहे. मग थांबतो, म्हणावं म्हणून. काकींनी ओ दिली तेव्हा म्हणाला असेल, चुकलं, पुन्हा म्हणा."

सुरेश माझ्याकडे असा बघत होता, की त्यापेक्षा जिंद परवडला.

पारूकाकीनं पदर खोचला. "सुरेश, माझी पेटी उतरव. म्हशीवाल्याला सांग, म्हशी नाय द्यायच्या."

सुरेशनं निमूट पेटी उतरवली. "नि टेंपो? तो मुंबईला जायला म्हणून आलाय."

"आलाय तर रिकामा कशाला धाडतोस? दिनूला बसव त्यात," काकी म्हणाली, "नि त्याचा मडक्यातला मास्तर त्याच्या मांडीवर दे."