मामांचा कान आणि सोळा तासांची भट्टी

मामांची आणि माझी पहिली भेट माझ्या कपाळावर झाली. कारखान्याच्या कचेरीत रुजू होऊन मला दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच एक सहा फुटी गृहस्थ आले. त्यांनी बोटाच्या पेरानं माझ्या कपाळावर ठोका मारला, कान लावला आणि साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "कच्चं आहे. अजून आठ तास लागतील." ते टेंगूळ पुढं तीन पावसाळे टिकलं.

मामा भट्टीवर होते. आमच्याकडे लिथियम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव भाग होत. ते आधी कडक तापवून पाण्यात बुडवायचे, मग मंद भट्टीत सोळा तास ठेवायचे. तेवढ्या वेळात धातूच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे कण जमतात आणि तो कडक होतो. लवकर काढला तर मऊ. फार ठेवला तर कण फुगून पुन्हा मऊ. सोळा तास भरले की घड्याळच भट्टी बंद करायचं. मग मामा लाकडी हातोडीनं एक ठोका मारत, डोळे मिटत आणि म्हणत, "झालं!" साहेब मंडळी पंचवीस वर्षं या ठोक्याला श्वास रोखून उभी राहिली. शिकलेली माणसं होती सगळी.

निवृत्ती जवळ आली तशी मामांनी दोन वर्षांची मुदतवाढ मागितली. कारण एकच: असा कान दुसऱ्या कुणाला नाही. मोठे साहेब विरघळलेच होते. पण प्रयोगशाळा होती मामांच्या सूनबाईंकडे.

"बाबा, तीन तुकडे ठेवते. ऐकून ओळखा."

"पोरी, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ओळखतोय!"

"मग सोपंच जाईल."

साहेबांसमोर तीन ठोके पडले. तिन्ही वेळा मामांची मान तिरकी झाली. "हा कच्चा. हा करपलाय. आणि हा... वा! याला म्हणतात पक्का!"

सूनबाईंनी कडकपणा मोजायच्या यंत्राचा कागद पुढं केला. "पक्का म्हणालात तो मंद भट्टीत गेलाच नव्हता, बाबा. करपलेला म्हणालात तो बरोबर सोळा तासांचा. आणि कच्चा शंभर तास भाजलाय. कडकपणा बदलला तरी आवाज जवळपास तोच राहतो."

"यंत्राला सर्दी झालीय," मामा म्हणाले.

साहेबांनी मुदतवाढीचा अर्ज घडी घालून परत दिला.

मामा ठरल्या तारखेला निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी माल कुणीही न ठोकता बाहेर काढला. पूर्वी निघायचा तेवढाच चांगला निघाला.