सरांचे खोटे प्रश्न

आमच्या सरांइतका संशयी माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर सर आधी त्याच्यावर संशय घेतील. दूधकट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून घेतानाही ते आधी रिकामा पेला उलटा करून बघायचे. त्यांची संशयाची एक खास रीत होती: जे नाहीच, त्याबद्दल विचारायचं. शाहूपुरीतल्या एका दुकानदाराला म्हणाले, "पावणं, निळ्या टोपणाचं खोबरेल आलं का?" तसलं खोबरेल कुणी बनवतच नव्हतं. "आत्ताच संपलं की, उद्या येतंय," तो बिचारा म्हणाला. झालं, त्या दुकानाची पायरी सर पुन्हा चढले नाहीत. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, सांगायच्या, "बघायला आले तवा मला म्हणाले, आपण जत्रेत भेटलोय न्हवं? मी म्हटलं, न्हाय बा, कधीच न्हाय! तिथंच पसंत केलं मला."

अशा माणसाच्या हाताखाली मी पीएचडी करत होते. प्रथिनांच्या माळेत लायसिन नावाचा एक मणी असतो, त्यावर कधीकधी मिथाइलची बारीकशी खूण चिकटते. ती ओळखायला अँटीबॉडी लागते. खूण असेल तिथे ती जाऊन बसते आणि फिल्मवर काळी रेघ उमटते. माझ्या फिल्मवर काय सुरेख रेघ आली होती म्हणून सांगू! सगळा प्रबंध त्या रेघेवर उभा होता. मी पेढे घेऊन गेले. सरांनी पेढा हुंगून बाजूला ठेवला.

"अँटीबॉडीच्या बाटलीवर काय लिवलंय ते सांगू नको. लेबल कुणीबी चिकटवतंय. लायसिनचा मणीच काढून टाकलेलं प्रथिन दाखव तिला."

म्हणजे पुन्हा खोटा प्रश्न! मणीच नाही तर खूण कुठून असणार? चरफडत मी प्रयोग लावला. रेघ आली. तशीच काळी, तशीच सुरेख. मेली अँटीबॉडी सगळ्यालाच होय म्हणत होती. इतकी मेहनत पाण्यात गेली, आणि मी सिंकपाशी उभी राहून ढसाढसा रडले. सर शेजारी अवघडून उभे. "रडून घे. पर हिच्या भरवशावर डिग्री घेतली असतीस, तर जल्मभर झोप लागली नसती तुला."

मग विक्रेत्यांशी भांडभांडून त्यांनी दुसरी अँटीबॉडी मागवली. खऱ्या प्रथिनावर रेघ आली, मणी काढलेल्या जागी फिल्म कोरी. सर ती कोरी जागा उजेडात धरून बघतच राहिले. "गप्प बसली बघ. ही खरी." माझा प्रबंध तरला. त्या दिवशी सरांनी पेढा न हुंगता खाल्ला.

आता सर निवृत्त झालेत आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसते. नवी बाटली आली की आधी तिला खोटा प्रश्न विचारते. परवा त्यांचा फोन आला. "काय गं, माझ्यावाचून लॅब निवांत चालली असंल, न्हवं?"

सापळा मी लगेच ओळखला, पण खोटं बोलायची गरजच नव्हती. "न्हाय सर," मी म्हटलं, "अजिबात न्हाय. करमत न्हाय हितं."

"ही खरी," पलीकडून सर म्हणाले.