ने म्हणणाऱ्या मावशी

मावशींशी मी खोटं बोलत आलो, आणि तेही त्यांच्याच दुकानात बसून, त्यांच्याच हातचा मुरांबा खात. पत्नी कुठे आहे, असं त्या विचारत आणि मी म्हणत असे, "घरी आहे. पुढच्या वर्षी येईल." वास्तविक वृंदा आमचं लीड्सचं घर सोडून स्टॅनमोरला बहिणीकडे राहायला गेली होती.

मावशी म्हणजे एका लहानशा ग्रीक बेटावरच्या दुकानाच्या मालकीण. मावशी हे नाव वृंदानंच ठेवलेलं. दोरखंड, मेणबत्त्या, टोमॅटो, बकरीच्या दुधाचं चीज, मासे धरायचे गळ, सगळं एका खोलीत. मुलगा बोटीवरून माल आणी, इंग्रजी जाणणारी मुलगी इरिनी गल्ल्यावर बसे आणि मावशी दारातल्या खुर्चीवरून दोघांवर हुकूम सोडत. आलेल्यानं आधी बसायचं, बशीतलं पाकातलं कोवळं अंजीर चमच्यानं खायचं, वर गार पाणी प्यायचं, मगच काय हवं ते सांगायचं. घाई केली, की मावशी हनुवटी वर उचलून "त्स्" करत; म्हणजे, नाही. आम्ही दोघं सुट्टीला तिथे गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी वृंदा म्हणाली, "अरे, हे तर आपलं गूळ-पाणी."

ग्रीक भाषेत होकाराला 'ने' म्हणतात. वृंदानं एका कलिंगडाकडे बोट दाखवून चक्क मराठीत विचारलं, "गोड आहे का हो?"

"ने, ने," मावशी म्हणाल्या.

वृंदानं कलिंगड उचललं. "बघ, ने म्हणतायत. मराठी येतं त्यांना."

मग दोघींच्या आपापल्या भाषेत गप्पा सुरू झाल्या. मावशींनी दुखरा गुडघा दाखवला, वृंदानं त्यावर एरंडेलाचा शेक सुचवला. "अगं, त्यांना एक अक्षर कळत नाहीये," मी म्हणालो. मावशींनी माझ्याकडे पाहून हनुवटी उचलली. त्स्.

मी ते हसण्यावारी नेलं. चारचौघांत वृंदाचं इंग्रजी सुधारणं, तिची गोष्ट अर्ध्यातून उचलून आपणच पुरी करणं ही माझी सवय होती; तिला मी मदत समजत होतो. तिनं वाक्य पुरं करणं कधी सोडून दिलं, ते मला घर रिकामं झाल्यावर उमगलं. तिचा मोकळा आवाज मी शेवटचा ऐकला तो त्या दुकानात. म्हणून एकटा तिथे जात राहिलो. दर खेपेला मावशी तिच्यासाठी मुरांब्याची बरणी देत, आणि मी ती आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून देत असे.

यंदा इरिनी म्हणाली, "हिवाळ्यात आईला अथेन्सला नेणार आहोत. दुकान बंद होईल." मावशी मध्येच काही बोलल्या. इरिनीनं ते इंग्रजीत सांगितलं, "आई विचारतेय, पुढच्या वर्षी तुमच्या पत्नी आल्या तर बसतील कुठे?"

मी अंजिराची बशी खाली ठेवली. "ती माझ्याजवळ राहत नाही," मी म्हणालो. "मी तिला बोलू दिलं नाही, म्हणून गेली. तुमच्या बरण्याही मी तिला पोचवल्या नाहीत."

इरिनीनं ते सावकाश आईला सांगितलं. मावशी ॲप्रनची कड सरळ करत उठल्या. मग भिंत धरत आत गेल्या आणि एक बरणी आणून त्यांनी माझ्या हातात दिली.

"अजूनही तिच्यासाठीच?" मी विचारलं.

"ने," मावशी म्हणाल्या.

इरिनीनं त्याचा अर्थ सांगितला नाही. मला तो मराठीतच कळला.

परतल्यावर सगळ्या बरण्या पिशवीत भरून मी स्टॅनमोरला गेलो. दार वृंदानंच उघडलं. वरची बरणी पाहताच तिनं ती ओळखली.

"मावशी कशा आहेत? त्यांचा तो गुडघा, उजवा, का..." ती अडखळली, आणि जुन्या सवयीनं माझ्याकडे पाहत थांबली. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते आवरलं.

"डावा," तीच म्हणाली. "अजून दुखतो का?"

"दुखतो," मी म्हणालो. "वृंदा, तुझी वाक्यं मी तोडत आलो. माझं चुकलं."