वरून टाकलेला खण

"पाया पड," आई म्हणाली.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर माझं लग्न झालं. दौंडला नांदाय गेले, आन् पहिल्यांदाच माहेरी आले व्हते. आमच्या वस्तीतली पोर नांदून आली की बागायतदार तात्याच्या अंगणात जायचं, त्यानं दिलेला खण पदरात झेलायचा, मग लांबूनच जमिनीला डोकं टेकायचं. त्यानं खण हातभर वरून सोडला. त्याचं बोट मला लागू नये म्हणून. विटाळ व्हतो ना त्याला.

मी त्या बोटांकडं बघत राहिले.

मी लहान व्हते. तळेगावच्या बाजाराच्या आदल्या दिवशी आम्ही बायापोरी त्याच्या मळ्यात शेवंती तोडायचो. फुलं त्याच्या अंगणाकडंच्या खोलीत ओतायला त्यो मलाच पाठवायचा. मागनं यायचा. तिथं त्यानं माझ्या अंगाला हात लावला. एकदा न्हाई, सबंध हंगामभर. तवा त्याला विटाळ झाला न्हाई. आईला सांगितलं, तर तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. "गप. काम जाईल." दुसऱ्या दिवशी तिनंच मला फुलं तोडाय नेलं.

नवरा रेल्वेत खलाशी. माणूस चांगला. लग्नानंतर एकदा हौसेनं शेवंतीची वेणी घेऊन आला, मागं उभा राहून माळाय लागला. मानेला त्याची बोटं लागली आन् मी किंचाळले. भिंतीला पाठ लावून बसले. तवापासून त्यो जवळ आला की माझं अंग लाकूड व्हायचं. सासू म्हणायची, हिला बाहेरचं झालंय. मला तर त्यो आवडायचा. पण हे सांगू कुणाला? खोट माझ्यातच हाय असं वाटायचं. मी माहेरी निघाले तवा त्यो म्हणाला, "तुझं मन दुसऱ्या कुणावर आसंल, तर परत येऊ नको."

"आगं, पड की पाया," आई पुन्हा म्हणाली.

तेवढ्यात माझी धाकटी बहीण फुलांची पाटी घेऊन अंगणात आली. तात्या तिला म्हणाला, "पोरी, खोलीत ओत जा."

मी पदर झटकला. खण मातीत पडला. बहिणीचा हात धरला.

"ती खोलीत जाणार न्हाई. मला नेलंस तेवढं बास. तिथं काय केलंस ते सांगू का हितं, सगळ्यांपुढं?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं. तात्या आईला म्हणाला, "घेऊन जा हिला. डोकं फिरलंय हिचं." आईनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. या खेपेला मी त्यो काढला.

बहिणीला घेऊन दौंडला आले. नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यो उठला, तात्याला तोडतोच म्हणाला. मी म्हणलं, "ते ऱ्हाऊ द्या. आधी माझं ऐका. मागनं हात लावायचा न्हाई. मी म्हणीन तवाच जवळ यायचं."

"आन् तू कधीच न्हाई म्हणलीस तर?"

"तर न्हाई."

त्यानं आपलं अंथरूण दाराशी टाकलं. पण घर सोडून गेला न्हाई, मलाही जा म्हणाला न्हाई. मी अजून झोपेत दचकते. अंग कधी ऐकतं, कधी ऐकत न्हाई. पण खोट माझी नव्हती, एवढं मला कळून चुकलंय.

बहीण हितं शाळेत जाती. परवा आईचा निरोप आला. काम गेलं, तात्याची माफी माग. मी उलट निरोप धाडला. माफी त्यानं मागायची, माझ्या दारात उभं राहून. आन् मागितली तरी मी देणार न्हाई.