अकरा नंबरच्या खाटेवरची परीक्षा

माझी कारभारीण गेली तेव्हापासून मी गडावरच्या देवीआईशी बोलणं टाकलं होतं. चाळीस वर्षं दर चैत्रात पायी गड चढलो आणि तिने माझंच माणूस नेलं, हा माझा राग. हात जोडायचे नाहीत, काही मागायचं नाही, असं ठरवून तीन वर्षं काढली. मी चौथी शिकलेला माणूस, पण एकदा नाही म्हटलं की नाही. त्याचा मला अभिमानच होता.

यंदा पायात बाभळीचा काटा मोडला. अंगात शुगर, त्यामुळे जखम चिघळली. कळवणच्या डॉक्टरांनी गाडीत घालून नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे कागद भरताना विचारलं, बाबा, जवळचं कोण? मी म्हटलं, कुणी नाही, तसंच लिहा. खरं तर कळवणात माझी सख्खी लेक आहे. आईच्या दहाव्याला ती चार माणसांत बोलली होती की आबांनी हट्ट सोडून आठ दिवस आधी दवाखान्यात आणलं असतं तर आई वाचली असती. त्यावर मी तिला म्हणालो, पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नको. ती आली नाही. मीही बोलावलं नाही.

दवाखान्यात दुपारची भेटायची वेळ फार वाईट. चार वाजले की प्रत्येक खाटेभोवती माणसं, डबे, बडबड. शेजारच्या खाटेवरच्याची बायको मला भाकरी द्यायला यायची. मी जेवलोय म्हणून सांगायचो आणि भिंतीकडे तोंड करून पडायचो. बाहेर द्वारका चौकातल्या गाड्यांचा आवाज चालू असायचा. एवढ्या मोठ्या शहरात मी मेलो तर अकरा नंबरची खाट रिकामी झाली, एवढंच म्हणतील, असं वाटायचं.

वॉर्डात नर्सिंग शिकणाऱ्या पोरी यायच्या. त्यातली एक दिंडोरीकडची, अंगाने काडीसारखी. अंग पुसायला आणि पाय धुवायला आली तेव्हा मी तिला हाकलली. पोरीबाळींच्या हातून पाय धुवून घ्यायला मी काय लोळागोळा झालोय का? मोठ्या सिस्टरच करायच्या माझी मलमपट्टी. ही मात्र रोज यायची, खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणायची, "बाबा, आज?" मी मान हलवली की गुमान जायची.

एके दिवशी खिडकीपाशी वही घेऊन पुटपुटत बसली होती. डोळे सुजलेले. मी विचारलं तर म्हणाली, उद्या प्रॅक्टिकल आहे, गेल्या वेळी सेहेचाळीस पडले.

"मग रडते कशाला? पस्तिसाला पास असतं."

"ते शाळेत, बाबा. आमच्यात पन्नास लागतात. लेखीला वेगळे, प्रॅक्टिकलला वेगळे. लेखीला एकाहत्तर आहेत, पण इकडचे तिकडे नाय चालत."

"लय कडक हाय तुमचं. माझ्या लेकीला दहावीला चाळीस पडले तर मी गावभर गूळ वाटला होता."

बोललो आणि जीभ चावली. ती बघतच राहिली. "तुम्हाला लेक आहे?"

मी म्हटलं, कुणाला सांगायचं नाही. तिने मान डोलावली. मग हळूच म्हणाली, ह्या खेपेला नापास झाले तर वडील घरी घेऊन जाणार, पुढचं शिक्षण बंद.

ती गेल्यावर मी छताकडे बघत पडलो. तीन वर्षांत पहिल्यांदा गडावरच्या आईला हाक मारली. म्हटलं, माझ्यासाठी काही मागत नाही, मागणारही नाही. पण ह्या पोरीचं बघ.

दुसऱ्या दिवशी पोरींनी चिठ्ठ्या उचलल्या. कुणाच्या वाट्याला कोणता पेशंट, ते चिठ्ठीवर ठरतं. तिच्या चिठ्ठीत अकरा नंबर निघाला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी मनात म्हटलं, आई, असं बघशील वाटलं नव्हतं.

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम वही घेऊन उभ्या राहिल्या. पोर पायथ्याशी आली आणि रोजच्यासारखंच म्हणाली, "बाबा, आज?" मी पाय पुढे केला. कारभारीण गेल्यापासून त्या पायाला घरच्या मायेचा हात लागला नव्हता. पोरीने जुनी पट्टी ओली करून हळूच सोडवली. दुखतंय का, असं ती मध्ये मध्ये विचारायची. दुखत होतं, पण माझ्या डोळ्याला पाणी आलं ते त्याने नाही.

पट्टी झाल्यावर मॅडमनी प्रश्न टाकले. ती उत्तरं देत गेली. शेवटी त्यांनी विचारलं, "पेशंट घरी गेल्यावर ड्रेसिंग कोण करणार? कुणाला शिकवशील?"

पोर गप्प. मॅडमनी पुन्हा विचारलं, म्हणाल्या, याला मार्क आहेत. ती माझ्याकडे बघेना, जमिनीकडे बघत राहिली. तिला माझ्या लेकीचं माहीत होतं. मला दिलेल्या शब्दापायी ती नापास व्हायला तयार होती.

माझी सगळी ताठ मान तिथे संपली. मी म्हटलं, "मॅडम, लेक हाय मला. कळवणला. मीच खोटं लिहवलं. पोरीला मीच गप्प बसवलं होतं."

मॅडमनी माझ्या कागदावर नजर टाकली. मग पोरीला म्हणाल्या, त्यांच्या मुलीला काय काय सांगशील, ते मला सांग. आणि ती घडाघडा सांगत सुटली, हात कसे धुवायचे, पट्टी कशी सोडवायची, पायाचा रंग बदलला तर काय करायचं.

लेकीचा फोन नंबर मला पाठ होता. सिस्टरनी लावून दिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने ती आली. पिशवी खाली ठेवून पाय बघितला आणि म्हणाली, "आबा, आणखी चार दिवस गप्प बसला असता तर तुम्हालाही पोचवून आले असते." मी म्हटलं, तुझ्या आईच्या वेळी माझंच चुकलं. तिने पदराने माझं तोंड पुसलं. मग त्या काडीसारख्या पोरीने तिला मलमपट्टी शिकवली, माझ्या पायावरच.

महिन्याने दाखवायला गेलो तेव्हा पोर जिन्यात भेटली. म्हणाली, "बाबा, त्रेपन्न." गुळाची ढेप बरोबर नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

आता जखम भरली. घरात मी एकटाच असतो, रात्र अजून मोठी वाटते. लेक आठवड्यातून एकदा येते, आम्ही फार बोलत नाही. चिठ्ठीत माझा नंबर कसा आला, ते मी कुणाशी वाद घालून सांगत नाही. मी मागितलं दुसऱ्यासाठी आणि आईने त्यात माझंही उरकलं. इतकी वर्षं मला वाटायचं, देवापुढे माथा टेकवला की झालं. आपलं दुखतं अंग दुसऱ्याच्या हातात देणं त्याहून अवघड असतं. ते गडावरच्या आईने माझ्याकडून करून घेतलं, तिचे उपकार आहेत.