डब्यात पाणी होतं

भगवान गेल्याचं मला पाथर्डीच्या स्टँडवर कळलं. ओळखीचा कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "गुरुजी, तुमचा भगवान ग्येला की. दुकानाच्या पायरीवरच रक्ताची उलटी झाली." दुकान म्हणजे सरकारमान्य देशी दारूचं. मी तसाच शाळेत गेलो आणि मुलांकडून पाढे म्हणवून घेतले. त्याला महिना होत आला...

आम्ही दोघांनी एकाच पाटीवर अक्षरं गिरवली. मी मास्तर झालो. तो दर हिवाळ्यात बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा आणि तिकडेच त्याला हातभट्टीची सवय लागली. प्यायला की कुणावर हात टाकत नसे, नुसता गायचा, तेही बेसूर. पण दुष्काळ पडला आणि खडी फोडून आणलेली मजुरी भट्टीवाल्याकडेच राहायला लागली. तेव्हा त्याची बायको कासाबाई शाळेत आली. "गुरुजी, जमादार तुमच्या वळखीचा हाय. येकडाव दम द्यायला सांगा की."

ओळख होती. दारूबंदीच्या धाडीला पंच लागत आणि आमच्या गावात दर वेळी त्यातला एक मीच असे. मास्तरची सही कोर्टात टिकते म्हणून. कित्येक पंचनामे मी न वाचताच सही करून दिले असतील. जमादाराला मी एवढंच म्हणालो, जरा दम द्या.

तो भर दुपारी आला, मलाही बरोबर घेतलं. भगवान दारात बसला होता, शेजारी अर्धी बाटली. पण जमादाराला वर साहेबांना दाखवायला पिणारा नको होता, गाळणारा हवा होता. दाराशी दोन दगडांवर पत्र्याचा डबा होता, टँकरच्या पाण्याने भरलेला. तो त्याने उचलून ओतला. "लिहा. गावठी दारूचं रसायन, जागीच नष्ट केलं."

"आवं, पानी हाय त्ये! पोरांचं पानी हाय!" कासाबाई किंचाळली.

भगवान मात्र हसला. "वरडतीस कशाला? आपला मास्तर हाय की पंच. सांग रं, काय हुतं डब्यात?"

तोवर जमिनीने पाणी पिऊन टाकलं होतं. मी सही केली. मला कुणी धमकावलं नव्हतं. जमादाराशी वाकडं नको, इतकंच. डबा मुद्देमालात गेला आणि भगवान तुरुंगात.

सुटून आला तो गावाच्या लेखी भट्टीवाला होऊनच. मुकादमाने खडीवर घेतलं नाही. आत भेटलेल्यांनी नवसागर कसा टाकायचा ते शिकवलं होतं, त्याने ओढ्यात खरीच भट्टी लावली. माझ्या सहीचं खोटं त्याने असं खरं करून दिलं. मग सरकारचं धोरण फिरलं आणि स्टँडमागे दुकानाची पाटी लागली. शिक्षा झालेल्याला परवाना कोण देणार? भट्टी बंद पडली, भगवान गिऱ्हाईक झाला. त्या पायरीवरच तो मला शेवटचा भेटला. "मास्तर, आता पंच नगं. आता सरकारच वततंय!" हसता हसता खोकत राहिला. जमादाराला मीच सांगितलं होतं, हे तेव्हा बोलायचं होतं... एस.टी. आली.

दहाव्याला गेलो तेव्हा कासाबाईच म्हणाली, "मी त्येला सांगितलं हुतं, गुरुजी. तुमाला जमादाराकडं मीच पाठीवलं म्हून."

"काय म्हणाला?"

"म्हनला, त्येचं काय न्हाई. पर मास्तरला ठावं हुतं ना, पानी हाय त्ये."

दारातले दोन दगड अजून तिथेच आहेत. तिने त्यांच्यावर पुन्हा काही ठेवलं नाही, पाणी आता आत चुलीमागे असतं. उन्हाचा चालत गेलो होतो, घसा कोरडा पडला होता. मी मागितलं नाही.