प्रेमिलाच्या महालक्ष्म्या आणि मांडीवरचं यंत्र

आमच्या शेजारची प्रेमिला म्हणजे नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या आडत्याची, शालिकरामभाऊंची बायको. माहेर कुहीकडचं, तळ्यात पोहून वाढलेली. पण कॉलनीतल्या आम्ही बायकांनी पोहण्याची बॅच लावली, तर ही काठावर टॉवेल गुंडाळून बसून. कारण मांड्यांवरचे खळगे. डॉक्टर म्हणाले, याला संत्र्याच्या सालीसारखी कातडी म्हणतात. मी म्हटलं, बाई, घरचाच माल, लाजायचं काय त्यात? आठ दिवस बोलली नाही.

मग ती धरमपेठेतल्या एका क्लिनिकात त्यावर शॉक वेव्ह घ्यायला लागली. सुई नाही, कापाकापी नाही. जेल लावून पिस्तुलासारखं यंत्र मांडीवर टेकवतात आणि ते टकटक ठोके देत जातं. सासूला, रंभाबाईंना, सांगायचं की बर्डीवर खरेदीला चाललो. सोबत मी. माझ्या तोंडावर पहारा ठेवायचा तर मला जवळच ठेवलेलं बरं, हा तिचा विचार.

महालक्ष्म्या, म्हणजे आमच्याकडच्या गौरी, तोंडावर आल्या होत्या. रंभाबाईंनी यंदा पहिल्यांदाच पूजा प्रेमिलाच्या हाती दिली, आणि तारीख आली नेमकी पाळीची. त्यावर आमच्याकडे उपाय ठरलेला: पाळी पुढे ढकलायची गोळी, डॉक्टरला न विचारता मेडिकलमधून आणायची. प्रेमिला आठवडाभर ती घेत होती, आणि दिवसदिवस उभी राहून करंज्या-अनारसे तळत होती.

क्लिनिकात ती पलंगावर आडवी झाली तेव्हा तिची डावी पोटरी मला दिसली. सुजलेली, लालसर. हात लावला तर गरम.

यंत्र चालवणाऱ्या वेदिकानं नेहमीप्रमाणे विचारलं, नवीन काही औषध सुरू आहे का? प्रेमिला नाही म्हणाली. वर म्हणाली, मांडीचं झालं की या पोटरीवरही मार थोडे ठोके, लय ठणकून राहिली. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं चादरीखालून माझं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत. गोळी बंद झाली तर पूजेच्या दिवशी ती बाजूला बसणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

वेदिकानं जेल घेतलं. यंत्र हवेतच टकटक करू लागलं. एरवी मला अशा वेळी दहा विनोद सुचतात. एकही सुचेना.

“थांब वं पोरी,” मी म्हटलं. “हे गोळी घेऊन राहिली. पाळीची.”

यंत्र बंद झालं. वेदिकानं पोटरी पाहिली, हात न लावता डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी प्रेमिलाला पाऊलही टाकू दिलं नाही, चाकाच्या खुर्चीतून थेट सोनोग्राफीला धाडलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, “माह्या महालक्ष्म्या गेल्या तुह्या तोंडापायी.”

शिरेत रक्ताची गाठ निघाली. गोळीनं असं होऊ शकतं, म्हणाले. ठोके बसले असते तर ती सुटून फुप्फुसात जायची भीती होती.

पूजेच्या दिवशी प्रेमिला दवाखान्यात, पाळीही आलेली. पूजा रंभाबाईंनीच केली. संध्याकाळी त्या नैवेद्याच्या आंबिलीचा डबा घेऊन आल्या. तोवर त्यांना सगळं कळलं होतं. कोणाकडून, ते मला विचारू नका. त्यांनी चादर सरकवली. आता मांड्यांवरून बोलणी बसणार, असं मला वाटलं.

“धानाच्या रोवणीत आम्ही लुगडं मांडीवर खोचून उभ्या राहू,” त्या म्हणाल्या. “तवा कोणी पाहे का?” मग चादर नीट केली. “गोळी मीच घ्यायले लावली तुले. पुढच्या साली पूजा तूच करजो. पाळी आली त आली.”

दोन दिवसांत प्रेमिलानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

“हे कोणाले सांगू नको,” ती म्हणाली.